सांगड कोण घालणार?

पावसाळ्यात करंजाडेत राहणाऱ्या कुणाचाही मोबाईल रात्री नऊ वाजता उघडून बघा. हवामान खात्याचा रायगडसाठी ऑरेंज अलर्ट असतो. सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगमध्ये साचलेल्या पाण्याचा फोटो असतो. कुणीतरी गाढीच्या पुलाचा व्हिडिओ टाकलेला असतो, तो कधीचा ते कुणालाच माहीत नसतं. शाळेच्या ग्रुपवर 'उद्या सुट्टी आहे का' असं बारा जणांनी विचारलेलं असतं. रेल्वेने जाणारा मित्र 'पंधरा मिनिटं लेट' एवढंच लिहून गप्प झालेला असतो.

माहितीला तोटा नाही. तरी माणसाला जे हवं असतं ते यात कुठेच नसतं. गाडी बेसमेंटमधून काढून चढावर लावू का? आई तळमजल्यावर एकटी आहे, तिला वर आणू का? पहाटेच्या कंपनीच्या बससाठी बाहेर पडू का?

हे प्रश्न मग माझ्याकडे येतात. "भाऊ, काय परिस्थिती?" एवढाच मेसेज. मी हवामानतज्ज्ञ नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा आणि पनवेल-उरण पट्ट्यात वीसेक वर्षं बातम्यांमागे फिरणं, एवढंच भांडवल. पण काही पावसाळ्यांपासून मी रात्री इथे 'आत्ताची परिस्थिती' म्हणून चार ओळी टाकतो आणि तुम्ही त्या वाचता. त्या चार ओळी कशा तयार होतात ते आज सांगतो, कारण त्यातूनच मला जे मागायचंय ते तुम्हाला कळेल.

पनवेलच्या पाण्याचं गणित तीन ठिकाणी आहे. गाढी नदी माथेरानच्या डोंगरातून येते. वाटेत देहरंगचं धरण आहे. मग ती पनवेलला वळसा घालून खाडीला मिळते. म्हणजे माथेरानला किती पडला, देहरंग भरून वाहतंय का आणि खाडीला भरती किती वाजता आहे, या तीन गोष्टी एकत्र बघितल्या तर काहीतरी बोलता येतं. एकेकटी घेतली तर यातली कुठलीच गोष्ट काही सांगत नाही. माथेरानला धो धो पडला आणि खाडीला ओहोटी असली तर पाणी निघून जातं. भरतीची वेळ असली तर तेच पाणी मागे तुंबतं. आपल्या डोक्यावर ढगही नसताना उमरोलीकडचा पूल पाण्याखाली जातो, तो याचमुळे.

त्यातून आपला हा सगळा भाग खाडीकाठचा, सखल. नवी मुंबई वसवताना सिडकोने ठिकठिकाणी धारण तलाव केले. भरती आली की खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून झडपा बंद होतात, पावसाचं पाणी तलावात साठतं आणि ओहोटी लागली की बाहेर जातं. तलाव गाळाने भरलेला असेल, झडप अडकलेली असेल, तर हे गणित बिघडतं. म्हणजे चौथी माहिती आली: झडप चालू आहे का? ही माहिती कुठल्याही अ‍ॅपवर नसते. ती तिथून रोज सकाळी फिरायला जाणाऱ्या निवृत्त माणसाकडे असते.

पाचवी माहिती माझ्या ओळखीच्या खाडीवरच्या एका नानांकडे. नाना भरतीचा तक्ता बघत नाहीत. तिथी धरतात, तिला पाऊणने गुणतात. चतुर्थी असेल तर तीन वाजता पाणी पूर्ण चढणार. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. पिढ्यान् पिढ्या चालत आलेला हा हिशोब आहे आणि तो तक्त्याच्या फारसा बाहेर जात नाही. फोन केला की नाना म्हणतात, "उधान हाय आज. पानी भायेर जावाचा नाय." त्यांच्या या एका वाक्याला माझ्या लेखी दहा फॉरवर्डपेक्षा जास्त किंमत आहे.

आता या सगळ्याची सांगड घालायची. सांगड हा शब्द आपल्याकडे पाण्यावरूनच आलाय. दोन होड्या किंवा दोन भोपळे एकत्र बांधले की सांगड होते, तिच्यावरून नदी पार करता येते. एकट्या भोपळ्यावर माणूस कलंडतो. पण बांधणी नीट नसेल तर सांगडसुद्धा सुटते आणि खरी अडचण इथेच आहे.

डिप्लोमाला आम्हाला शिकवलेलं: बातमी दोन स्वतंत्र सूत्रांकडून खात्री करून घ्या. जोर 'दोन'वर नव्हता, 'स्वतंत्र'वर होता. समजा एका रात्री दहा ग्रुपवर दहा जणांनी सांगितलं की पुलावरून पाणी चाललंय. दहा साक्षीदार झाले का? नाही. दहाही जणांनी एकच व्हिडिओ पाठवलाय. मग साक्षीदार एकच, आणि त्या व्हिडिओत दिसणारं दुकान तीन वर्षांपूर्वी पाडलंय, म्हणजे तोही बाद. उलट त्याच रात्री एक दूधवाला सांगतो की मी वळून दुसऱ्या रस्त्याने आलो आणि एक रिक्षावाला, जो त्याला ओळखतही नाही, तोच रस्ता बंद असल्याचं सांगतो. दोनच माणसं, पण ही खरी दोन.

दुसरं, गप्प बसलेल्या माहितीचं काय करायचं? एखाद्या पर्जन्यमापकाचा आकडा तासभर शून्य दाखवतोय. तिथे पाऊस थांबला, की यंत्र बंद पडलं? दिसायला दोन्ही सारखं. एखाद्या वाडीवरून रात्रभर एकही फोन नाही. सगळं ठीक आहे, की टॉवर गेलाय? दर अर्ध्या तासाला कुरकूर करणारा ग्रुप अचानक शांत झाला तर मला बरं वाटत नाही, मी आधी लाईट गेली का ते विचारतो.

तिसरं, वेळ आणि जागा. 'आत्ता' म्हणजे कधी? 'पनवेल' म्हणजे शहर, तालुका की नवीन पनवेल? ऑरेंज अलर्ट रायगड जिल्ह्याला असतो आणि आपला जिल्हा पनवेलपासून पोलादपूरपर्यंत शंभर किलोमीटरहून लांब पसरलाय. एकाच दिवशी तिकडे पूर आणि इकडे ऊन असू शकतं. मग लोक म्हणतात, हवामान खातं काहीही सांगतं. खात्याने जिल्ह्याचं सांगितलेलं असतं, आपण आपल्या गल्लीचं ऐकलेलं असतं.

मी हे सगळं हाताने करतो, दोन फोन आणि एक वही घेऊन. जगात हेच काम यंत्राकडून करून घेण्याचं मोठं शास्त्र आहे, डेटा फ्यूजन म्हणतात त्याला. सुरुवात लष्करात झाली. रडार, पाणबुडीचा आवाज टिपणारी यंत्रं, उपग्रह, हेरांचे निरोप, या सगळ्यांतून एकच चित्र कसं काढायचं, यासाठी १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या लष्करी प्रयोगशाळांच्या संयुक्त गटाने पायऱ्या आखल्या. सोप्या भाषेत त्यातल्या तीन मुख्य पायऱ्या अशा. पहिली, काय दिसतंय. दुसरी, दिसणाऱ्या गोष्टींचा एकमेकांशी संबंध काय. तिसरी, यातून पुढे काय होऊ शकतं. आपला मोबाईल पहिल्या पायरीवर अडकलाय. दिसतंय खूप. संबंध लावणारं कुणी नाही.

माझ्या वहीतले सगळे प्रश्न त्या शास्त्रातही आहेत. एकच बातमी दोन वाटांनी आली तर ती दोनदा मोजायची नाही, यासाठी तिथे गणितं मांडलेली आहेत. कुठल्या सूत्राला किती वजन द्यायचं, जुनी माहिती किती वेळाने बाद धरायची, यंत्र गप्प असेल तर काय समजायचं, हे सगळं आधी ठरवावं लागतं. ते नीट न ठरवता यंत्राला बेरीज करायला लावली तर यंत्रसुद्धा आपल्या व्हॉट्सअ‍ॅप काकांसारखंच वागतं, फक्त जास्त वेगाने आणि जास्त आत्मविश्वासाने.

२६ सप्टेंबर १९८३ची गोष्ट प्रसिद्ध आहे. सोव्हिएत रशियाच्या उपग्रह यंत्रणेने दाखवलं की अमेरिकेतून पाच क्षेपणास्त्रं सुटलीत. ड्युटीवर स्तानिस्लाव पेत्रोव नावाचा अधिकारी होता. त्याने विचार केला, हल्ला करायचाच तर कुणी पाचच कशाला सोडेल? आणि जमिनीवरच्या रडारला तर काहीच दिसत नाहीये. त्याने वर 'खोटा इशारा' असं कळवलं. नंतर निघालं की उंच ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाला यंत्र फसलं होतं. एकाच सूत्रावर भरवसा न ठेवता दुसऱ्या सूत्राचं गप्प राहणंही त्याने हिशोबात धरलं, म्हणून तुम्ही-आम्ही आज इथे आहोत.

आता आपल्याकडे या. २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी, त्याच मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत ७५ मिलिमीटरसुद्धा भरला नाही. नुसतं कुलाबा बघणाऱ्याला तो पावसाळ्यातला साधा दिवस वाटला असता. त्या दिवशी कळंबोली आणि पनवेलमध्ये काय झालं ते इथल्या जुन्या लोकांना सांगायला नको. पुढे चितळे समितीचा अहवाल आला, मुंबईत स्वयंचलित पर्जन्यमापक बसत गेले, रडार आलं. आणि १२ जून २०२० रोजी 'आयफ्लोज-मुंबई' ही पुराचा इशारा देणारी यंत्रणा सुरू झाली, केंद्राचं पृथ्वी विज्ञान मंत्रालय आणि मुंबई महापालिका यांनी मिळून केलेली.

या यंत्रणेत काय काय एकत्र केलंय ते बघा. हवामानाच्या संगणकीय प्रारूपांचे अंदाज. १६५ ठिकाणच्या पर्जन्यमापकांचे आकडे. जमिनीचे चढउतार, बांधकामं, लोकवस्ती. भरती आणि समुद्राची पातळी. मिठी, दहिसर, ओशिवरा, पोयसर, उल्हास या नद्यांच्या तळाची मोजणी. यातून कुठल्या वॉर्डात किती पाणी भरू शकतं याचा अंदाज तीन दिवस आधीपर्यंत आणि ताजी माहिती तीन ते सहा तासांची. शेवटचा भाग निर्णयाला मदत करण्याचा: कुणाला हलवायचं, कुठला रस्ता बंद करायचा. म्हणजे मी वहीत जे करतो ते खूप मोठ्या प्रमाणावर आणि शास्त्रशुद्ध.

चांगलं आहे. मला त्याचं कौतुक आहे. पण नद्यांची नावं पुन्हा वाचा. गाढी नाही. काळुंद्री नाही. कासाडी नाही. यंत्रणा मुंबईसाठी होती, मुंबईचं बघणार, त्यात गैर काही नाही. पण पाऊस वाशीच्या पुलावर टोल भरायला थांबत नाही.

आणि आता मुद्द्यावर येतो. यंत्र फक्त तिथलंच बघतं, जिथे कुणीतरी मोजायला यंत्र लावलंय. बाकीच्या जागा नकाशावर कोऱ्या असतात. कोरी जागा बघून वरच्या माणसाला वाटतं की तिथे काही घडत नाहीये.

इर्शाळवाडी आपल्यापासून किती लांब आहे? चौकपर्यंत गाडीने अर्धा-पाऊण तास. १९ जुलै २०२३च्या रात्री दरड आली. दोनशेहून थोडी जास्त लोकवस्ती, ठाकर समाजाची वाडी. २७ मृतदेह मिळाले आणि शोध थांबवला तेव्हा ५७ जण बेपत्ता होते. विधानसभेत सरकारने सांगितलं की दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती. आणि हेही सांगितलं की १७ ते १९ जुलै या तीन दिवसांत तिथे ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता.

ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा. यादी एका खात्याची. पाऊस दुसऱ्या खात्याचा. इर्शाळगडाच्या परिसरातच नवी मुंबई महापालिकेचं मोरबे धरण आहे. तिथे पाऊस रोज मोजला जातो, कारण शहराला पाणी किती दिवस पुरेल ते बघायचं असतं. म्हणजे त्या डोंगरांवर किती पाणी पडतंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं असं नाही. ते वेगळ्या कामासाठी, वेगळ्या रकान्यात लिहिलं जात होतं.

मी असं म्हणत नाही की बेरीज केली असती तर सगळे वाचले असते. दरड नेमकी कुठे आणि किती वाजता येईल हे पावसाच्या आकड्यावरून सांगता येत नाही, तज्ज्ञही तसा दावा करत नाहीत. पण तीन दिवस इतकं पाणी मुरलेल्या तीव्र उतारांखाली कोणकोणत्या वाड्या झोपल्यात, एवढी यादी काढता येते. रस्ता नसलेल्या वाडीला दोन रात्री खालच्या शाळेत आणता येतं. त्यासाठी पाऊस, उतार आणि वस्ती हे तीन कागद एका टेबलावर हवेत.

दुसऱ्या दिवशीची गोष्ट तर विसरता येत नाही. २० जुलैच्या सकाळी राज्यात अनेकांचे मोबाईल एकदम कर्कश वाजले. आणीबाणीचा इशारा! उघडून बघितलं तर दूरसंचार विभागाची चाचणी. तिकडे चौकला लोक चिखल उपसत डोंगर चढत होते, कारण वर यंत्रं नेता येत नव्हती. इकडे खिशात मोबाईल वाजवून सरकार दाखवत होतं की आम्ही एका क्षणात सगळ्यांना जागं करू शकतो. चाचणी आधीच ठरलेली असणार, त्यात कुणाचा दोष नाही. पण मला त्या दिवशी एवढं कळलं की भोंगा तयार आहे. तो कधी आणि कुणासाठी वाजवायचा, हे ठरवणारी सांगड तयार नाही.

बरोबर एक वर्षाने, १९ जुलै २०२४ला, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने कोलकात्याला राष्ट्रीय दरड पूर्वानुमान केंद्र सुरू केलं. सुरुवातीचे अंदाज दार्जिलिंग, कालिंपाँग आणि निलगिरी या जिल्ह्यांसाठी. सह्याद्रीनेही रांगेत उभं राहायला हवं आणि आपल्या प्रतिनिधींनी तिथे आपला नंबर लावायला हवा.

महाराष्ट्रात अशा घटनांची पहिली खबर कशी आली तेही आठवा. माळीण, ३० जुलै २०१४. गाव गेल्याचं पहिल्यांदा लक्षात आलं ते एसटीच्या ड्रायव्हरच्या. नेहमीच्या फेरीला गेला आणि गावच दिसेना. सावित्रीचा पूल, २ ऑगस्ट २०१६ची रात्र. दोन एसट्या गेल्या आणि पूल नसल्याचं कळवलं ते जवळच्या गॅरेजवरच्या माणसाने. यांच्या हातात कुठलंही यंत्र नव्हतं. रोज जे दिसतं ते आज दिसत नाही, एवढंच त्यांना कळलं. मी म्हणतो, एसटीचा ड्रायव्हर, वायरमन, आशाताई, पोलीस पाटील, खाडीवरचे नाना हेसुद्धा पर्जन्यमापकाइतकेच अधिकृत सूत्र धरा. यंत्रणेत त्यांच्यासाठी रकाना ठेवा. आज त्यांची माहिती 'अफवा' या सदरात जाते आणि मग दोन तासांनी 'घटना' या सदरात.

सीमेचाही प्रश्न आहे. महाडला पूर आणणारी सावित्री महाबळेश्वरला उगम पावते. महाड रायगडात, महाबळेश्वर साताऱ्यात. २३ जुलै २०२१च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात महाड पाण्याखाली होतं आणि २२ जुलैला तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली. खालच्या गावाचं भविष्य वरच्या जिल्ह्याच्या वहीत लिहिलेलं असतं. महाडच्या जुन्या व्यापाऱ्यांना हे ठाऊक आहे. घाटावर किती पडला ते फोन करून विचारतात आणि मग माल वरच्या फळीवर चढवतात. सरकारच्या आधी त्यांनी सांगड घातलेली आहे.

आता करंजाडे. आपली अवस्था बघा. सेक्टर सिडकोने आखलेले. गाव ग्रामपंचायतीचं. पलीकडे पनवेल महापालिका. महसूल तहसीलदारांकडे, कलेक्टर अलिबागला. पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे. वीज महावितरणची. रात्री दोन वाजता पाणी चढायला लागलं तर फोन कुणाला करायचा? यातला प्रत्येक जण आपापल्या हद्दीपुरतं खरं बोलेल. सगळ्यांचं मिळून काय होतंय, ते सांगणं कुणाच्याच नोकरीत लिहिलेलं नाही.

शिवाय आपली जमीनच बदललीय. विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाह वळवला, टेकडी उतरवली, खाडीकाठी भराव झाला. उठवलेल्या गावांतली कितीतरी कुटुंबं करंजाडे-वडघर परिसरात नव्याने वसली, ती हे वाचत असतील. ८ ऑक्टोबर २०२५ला विमानतळाचं उद्घाटन झालं, डिसेंबरात विमानंही उडू लागली. पाणी कुठून कुठे जातं याबद्दल जुन्या माणसांना जे ठाऊक होतं त्यातलं थोडं आता लागू नाही. आणि संगणकात दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा नकाशा घातला असेल तर तोही तितकाच जुना. यंत्र अत्यंत हुशारीने नसलेल्या नदीचा पूर काढून दाखवेल. विमानतळाला स्वतःची हवामानाची नोंद ठेवावीच लागते, वैमानिकांना ती मिनिटामिनिटाला लागते. ती कुंपणाबाहेरच्या माणसालाही समजेल अशी का मिळू नये?

कुणी म्हणेल, इशारे वाढले की लोक ऐकेनासे होतात. खरंय. लांडगा आला रे आला. शाळेला सुट्टी दिली आणि लख्ख ऊन पडलं असं आपण दर वर्षी बघतो. त्यावर उपाय इशारे कमी करणं हा नाही. इशारा कशावरून दिला ते सांगणं हा आहे. 'अतिवृष्टीची शक्यता, सतर्क राहा' यावर माणूस काय करणार? त्याऐवजी 'माथेरानला तीन तासांत इतका पडला, देहरंग भरून वाहतंय, भरती रात्री सव्वाबाराला, म्हणून अकरा ते दोन सखल भागातल्या गाड्या काढा' असं सांगा. पाणी आलं नाही तरी माणूस चिडणार नाही, कारण का सांगितलं होतं ते त्याला कळलेलं असेल. हिशोब दाखवला की एखादं उत्तर चुकलं तरी भरवसा टिकतो.

म्हणून मागण्या. छोट्या आहेत, विमानतळाच्या खर्चात खिजगणतीतही येणार नाहीत.

एक. गाढी आणि काळुंद्रीवर पाण्याची पातळी दाखवणारी यंत्रं आणि माथेरान ते करंजाडे या पट्ट्यात स्वयंचलित पर्जन्यमापक. बसवल्यावर त्यांची बॅटरी बदलायची जबाबदारी नावानिशी कुणाची ते लिहा. बंद यंत्र शून्य पाऊस दाखवतं, हे विसरू नका.

दोन. पाऊस, धरण, भरती, धारण तलावाच्या झडपा, वीज, बंद रस्ते, हे सगळं एका पानावर, मराठीत, वेळ टाकून, सगळ्यांना दिसेल असं. जी माहिती मिळाली नाही तिथे 'मिळाली नाही' असं लिहा. हिरवा ठिपका लावू नका.

तीन. डोंगराखालच्या वाड्यांची यादी दर पावसाळ्याआधी नव्याने करा. यादीत नाव नाही म्हणून धोका नाही, असं इर्शाळवाडीनंतर कुणी म्हणू नये. वाडीवरच्या दोन माणसांचे फोन नियंत्रण कक्षात हवेत आणि त्यांचा फोन लागला नाही तर तोच इशारा समजावा.

चार. यंत्राने धोका दाखवला की निर्णय कोण घेणार, त्याचं पद जाहीर करा. रात्री अडीच वाजता वस्ती हलवायचा अधिकार कुणाला आहे? तो माणूस झोपला असेल तर नंतर कुणाला? पेत्रोव खुर्चीत बसलेला होता म्हणून निभावलं. रिकाम्या खुर्चीसमोर कितीही चांगला स्क्रीन लावला तरी उपयोग नाही.

पाच. या यंत्रणेने पाणी आणि डोंगर बघावा, माणसांच्या मागे लागू नये. तोच कॅमेरा, तोच मोबाईलचा ठावठिकाणा दुसऱ्या कामालाही वापरता येतो. काय गोळा करणार, किती दिवस ठेवणार, हे आधी लिहून द्या. लोकांचा भरवसा असेल तरच लोक खबर देतील.

हे निवेदन मी तयार करतोय. सिडको, ग्रामपंचायत, महापालिका, तहसीलदार आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, पाचही ठिकाणी एकच प्रत जाईल, वर सगळ्यांची नावं लिहून, म्हणजे कुणाला 'हे आमच्याकडे येत नाही' असं म्हणता येणार नाही. सोसायट्यांनी लेटरहेडवर पाठिंबा द्यावा. गावठाणातल्या मंडळींनी, खाडीवरच्या कोळी-आगरी बांधवांनी पाणी पूर्वी कुठून जायचं ते सांगावं, मी नकाशावर काढून जोडतो. आपल्यातच कितीतरी पोरं आयटीत आहेत, महापे-ऐरोलीला जातात. जगाच्या कंपन्यांचे डॅशबोर्ड बनवता, एक गाढीचा बनवून द्या.

तोपर्यंत १०७७ हा जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर आणि ११२ हे दोन्ही सेव्ह करून ठेवा. मी माझ्या चार ओळी टाकत राहीन. पण करंजाडेच्या हजारो माणसांनी एका पत्रकाच्या वहीवर अवलंबून राहावं, ही काही व्यवस्था नाही. माझा फोन एखाद्या रात्री बंद असू शकतो.

आणि एक विनंती. या पावसाळ्यात पाण्याचा फोटो किंवा व्हिडिओ पाठवलात तर खाली तीन गोष्टी लिहा: ठिकाण, वेळ, आणि स्वतः काढलाय की आलेला पाठवताय. एवढं प्रत्येकाने केलं तरी निम्मी सांगड घातली जाईल, आणि ती करायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.